पंतांची दोन घड्याळं

अठराशे ब्याऐंशीच्या हिवाळ्यात ठाण्यात दोन वेळा चालत होत्या. कचेरीत आणि रेल्वे स्टेशनात मद्रासची. बाजारात, देवळात आणि चर्चमध्ये मुंबईची. मद्रास अर्धा तास पुढं. म्हणजे कचेरीच्या आत साडेदहा झाले की बाहेर पायरीवर दहाच वाजलेले असत. उंबरठा ओलांडणाऱ्या माणसाचा अर्धा तास जातो कुठं, हे विचारायची सोय नव्हती, कारण सरकारचा तसा हुकूम होता.

शिरस्तेदार मधुसूदनपंतांनी या हुकमाशी चांगलं जमवून घेतलं होतं. त्यांच्या टेबलावर कचेरीचं घड्याळ होतं, ते मद्रासचं. कमरेला चांदीच्या साखळीत स्वतःचं होतं, ते मुंबईचं. जेवण, संध्या आणि दुपारची वामकुक्षी त्यांना मुंबईच्या वेळेनं लागे. तारखा, नोटिसा आणि दंड मद्रासच्या.

हुकूम मोडण्याची मात्र त्यांची छाती नव्हती. डिसेंबरात एका कारकुनानं नोटिशीवर चुकून मुंबईची वेळ घातली, तर त्याची बढती दोन वर्षं मागं गेली. तेव्हापासून पंतांच्या लेखणीला धाकच बसला. आकडा लिहायच्या आधी ती आपोआप ‘सरकारी वेळ’ असं लिही आणि आकडा अर्ध्या तासानं पुढं नेई. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेतही त्यांनी गोरज मुहूर्त सरकारी वेळेनं घातला होता. वऱ्हाड बाजारच्या घड्याळानं आलं ते अर्धा तास उशिरा, आणि मुहूर्त टळला म्हणून मांडवातल्या अर्ध्या लोकांची भांडणं झाली.

असे हे पंत त्या वर्षी ठाण्याच्या घोडशर्यत कमिटीचे चिटणीस झाले. पंचही तेच. कमिटीत पाच जण होते, पैकी चौघं पंत काय म्हणतात ते ऐकायला येत.

मासुंदा तलावाच्या काठी वडाला कमिटीची पाटी लागली. तिच्यावर अकरा नियम होते. बरेचसे नियम घोड्यांचे नाल, माणसांची दारू असल्या गोष्टींचे होते, ते कुणी वाचले नाहीत. सहावा असा : पैजेची वस्तू कमिटीच्या कागदावर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्याशिवाय हलणार नाही. सातवा असा : ठरल्या वेळेपर्यंत शर्यत सुरू न झाल्यास ती रद्द समजावी आणि ज्याची पैज त्याला परत मिळावी. अकरावा सगळ्यात छोटा होता : नियमांचा अर्थ कमिटी सांगेल तो.

पाटीपुढं एक तरुण बाई पोराला कडेवर घेऊन बराच वेळ उभी होती. माजिवड्याच्या सिल्वेस्टर टांगेवाल्याची बायको, क्लेमेंटिना. पोर आठ महिन्यांचं, लिओ. त्याच्या गळ्याभोवती फडकं, डोक्याला टोपडं, टोपड्यावर पदर. वारा नव्हता, तरी.

“पहिली शर्यत चारला, दुसरी सहाला,” ती नवऱ्याला म्हणाली. “पण कुठल्या घड्याळानं ते लिवलेलं नाय.”

“अगो, घोडी काय घड्याळ बघून धावते?” सिल्वेस्टर म्हणाला.

“घोडी नाय बघत. पंत बघतात.”

सिल्वेस्टर हसला. तो चांगला माणूस होता. फक्त चारचौघांत कुणी ‘तुझ्यानं नाय व्हायचं’ म्हटलं की त्याचं होऊन जायचं. कल्याणचा ताडीचा मक्तेदार दौलतशेठ हे जाणून होता. आठ दिवसांपूर्वी ठाण्याच्या स्टेशनाबाहेर तो गाडीतून उतरला, आणि टांग्याला जुंपलेल्या चांदणीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “घोडी बरी आहे रे. पण टांग्याचीच. माझ्या अबलख घोड्यापुढं तलावाला एक चक्कर तरी पुरी करेल का?”

झालं. संध्याकाळपर्यंत कमिटीच्या रजिस्टरात नोंद पडली. दौलतशेठचा नवाकोरा टांगा एकीकडं, सिल्वेस्टरची चांदणी दुसरीकडं. जिंकेल त्याला दोन्ही.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा क्लेमेंटिना लिओला पाजत होती.  पाजून झालं, पोराला खांद्यावर घेऊन तिनं ढेकर काढली, खाली निजवलं, आणि मग म्हणाली, “घोडी माझ्या बापानं दिलेली.”

“जिंकणार आहे मी.”

“आषाढात ह्याचा श्वास कोंडला तेव्हा तू भिवंडीला मालाचं भाडं घेऊन गेलेलास, शेजाऱ्याच्या बैलगाडीनं. घरी घोडी होती म्हणून मी पाव तासात सरकारी दवाखान्यात पोचले. डॉक्टर काय म्हणाला? अजून पाव तास गेला असता तर आणायची गरज नव्हती.” तिनं पोराच्या छातीवर हात ठेवला. झोपेत तिथं बारीक शिटी वाजत होती. “परत असं झालं तर मी काय टांगा ओढत नेऊ?”

सिल्वेस्टर उठला आणि चांदणीला दाणा घालायला गेला.

क्लेमेंटिनाला आणखी एक काळजी होती आणि ती घोडीचीच होती. क्लेमेंटिनाचा बाप मिठागरावर कारकून होता आणि मोठा भाविक. आंजेलुसची, म्हणजे चर्चमधल्या त्रिकाळ प्रार्थनेची, घंटा झाली की तो असेल तिथं गाडी थांबवी, टोपी काढी आणि तीन नमो मारिया म्हणूनच लगाम हलवी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पाच वर्षं चांदणी त्याच्या गाडीला होती. बाप वारला, घोडी मुलीबरोबर माजिवड्याला आली, पण सवय काही गेली नाही. घंटा ऐकली की थांबायची. टांग्यात कोण बसलंय, हिंदू की पारशी की मुन्सफ, याचं तिला काही नव्हतं. घंटेच्या टोल्यांबरोबर प्रार्थना संपेपर्यंत उभी.

आणि चर्च मासुंदाच्या काठावरच होतं.

“दुसरी शर्यत सहाला,” क्लेमेंटिना म्हणाली. “घंटा पण सहाला.”

“सहाला म्हणजे मद्रासच्या सहाला असणार. कचेरीचीच माणसं ना? तेव्हा आपले साडेपाच होतात. घंटेला अर्धा तास असेल गो,” सिल्वेस्टर म्हणाला. त्यानं आयुष्यात एकदाच घड्याळाचा विचार केला, आणि तो बरोबर होता.

शर्यतीच्या दिवशी तलावाभोवती ही गर्दी. चणेवाले, रेवडीवाले, कोपरीचे कोळी, कळव्याचे आगरी, कचेरीचे कारकून. वडाखाली कमिटीचं टेबल होतं. त्यावर कचेरीतून आणलेलं मोठं घड्याळ, आणि त्याच्या शेजारी लाल कापडात बांधलेलं रजिस्टर. कमिटीला नवीन वही घ्यायचा खर्च नको म्हणून पंतांनी कचेरीतलंच एक उरलेलं रजिस्टर काढलं होतं. पानांना आकडे घातलेले, प्रत्येक पानावर सरकारी शिक्का. वाचलेल्या दहा आण्यांचा पंतांना अभिमान होता.

क्लेमेंटिना चर्चच्या बाजूला कठड्यापाशी बसली. लिओला सहाला औषध द्यायचं होतं, बाटली पदरात बांधलेली. शेजारी डोंबिवलीची गंगुबाई येऊन टेकली. ही पहाटे होडीनं वालाच्या शेंगा घेऊन ठाण्याला यायची आणि टोपली रिकामी झाली की परत जायची. आज टोपली दुपारीच रिकामी झाली होती.

“काय गो बाय, पोर बरा हाय ना?”

“बरं आहे. शिटी वाजते अजून.”

“वाजूंदे. शिटी वाजते म्हंजे वारा चाल्लाय.” गंगुबाईनं पदराच्या गाठीला हात लावून दाखवला. “मी आठ आणे लावलंय. त्या दौलत्याच्या पांढऱ्या घोऱ्यावर नाय, त्या पारशाच्या तांबड्यावर. दौलत्याचा घोरा पोटात वारा भरल्यावानी चालतंय.”

आणि झालंही तसंच. पहिल्या शर्यतीत दौलतशेठचा पांढरा घोडा तिसरा आला. पारशाचा तांबडा पहिला. गंगुबाई उठून नाचली. मग टेबलापाशी रांग लागली आणि रांगेच्या टोकाला पंत टेबलावरच्या घड्याळाकडं बोट दाखवत उभे राहिले.

“शर्यत चारला ठरली होती. सुरू झाली ती सरकारी वेळ चार वाजून दहा मिनिटांनी. सातव्या नियमानं रद्द. ज्याची पैज त्याला परत.”

“पण बाहेर तर अजून चार वाजायचेत!” पारशी ओरडला. खरंच, शर्यत सुटली तेव्हा मुंबईचे चारला वीस कमी होते.

“सरकारी काम सरकारी वेळेनं चालतं,” पंत शांतपणे म्हणाले. “अकरावा नियम वाचा.”

दौलतशेठनं पांढऱ्या घोड्यावर लावलेलं सगळं घोंगडीत गुंडाळून परत घेतलं. जाताना त्यानं पंतांना पानाचा डबा पुढं केला आणि पंतांनी तो अगदी सहज उघडला, जसा आपल्याच घरचा असावा.

गंगुबाई आठ आणे मुठीत घेऊन परत आली. “परत दिलंन ते माझंच. जिकलंय ते खय हाय?”

“पंतांना विचार ना,” क्लेमेंटिना म्हणाली.

“इचारलं. म्हंगाले, मद्रासला हाय.”

क्लेमेंटिना हसली नाही. उलट तिचा जीव जरा भांड्यात पडला. मद्रासच्या वेळेनं काम चाललंय म्हणजे दुसरी शर्यत मुंबईच्या साडेपाचला सुटणार. घंटेआधी अर्धा तास. दोन चकरा म्हणजे जेमतेम तीन-चार मिनिटं. सिल्वेस्टर म्हणाला होता तेच खरं. तिनं लिओच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पायाच्या तळव्यांना, आणि थोडी सैलावून बसली.

पण शर्यत सुटेना. चांदणी दोरीपाशी येऊन उभी होती. दौलतशेठचा अबलख घोडा कुठंच नव्हता. त्याचा नाल सैल झाला म्हणे. मग नाल ठोकणारा सापडेना म्हणे. मग सापडला, पण जेवायला बसला होता म्हणे. टेबलावरचं घड्याळ सहावरून सरकलं. सव्वासहा झाले. चांदणी शेपटीनं माश्या उडवत होती.

सिल्वेस्टर खाली उतरून टेबलाकडं गेला. “पंत, सहा होऊन गेले. सातवा नियम.”

“जरा दम धर,” पंत म्हणाले. “एवढी माणसं जमली आहेत. तुला पळायचं नसेल तर तसं सांग. दौलतशेठ, हा म्हणतो याला पळायचं नाही.”

“कुणी म्हटलं?” सिल्वेस्टर भडकला आणि घोडीवर चढला. कठड्यापाशी क्लेमेंटिनानं डोळे मिटले.

शेवटी अबलख आला आणि निशाण पडलं. कारकुनानं टेबलावरच्या घड्याळाकडं पाहून रजिस्टरात वेळ टिपली. क्लेमेंटिनानं चर्चच्या मनोऱ्याकडं पाहिलं. घंटा वाजवणारा बेसिलकाका जिना चढून वर पोचला होता आणि दोरावर हात ठेवून तोही शर्यत बघत होता.

पहिली चक्कर संपली तेव्हा चांदणी दोन घोड्यांच्या लांबीनं पुढं होती. काय पळत होती! पोट जमिनीला लागेल असं वाटत होतं. दुसऱ्या चकरेला तिनं अबलखाला आणखी मागं टाकलं. दोरी आता शंभर पावलांवर. सिल्वेस्टर ओरडत होता, कोळी ओरडत होते, गंगुबाई टोपली बडवत होती.

“बेसिलकाका!” क्लेमेंटिना वर बघून किंचाळली. “थांबा जरा! बेसिलकाका!”

बेसिलकाका तीस वर्षं घंटा वाजवत होता आणि एवढ्या वर्षांत कुणासाठीही थांबला नव्हता. कुणासाठीच, बिशप आला होता तेव्हासुद्धा. त्यानं दोर ओढला.

टण्.

चांदणी थांबली. अशी थांबली की सिल्वेस्टर तिच्या मानेवरून जवळजवळ पुढं गेला, आणि सावरल्यावर त्यानं काय केलं? डोक्यावरची टोपी काढली. सवयच होती ती. त्याच्या लक्षात आलं तोवर अबलख शेजारून निघून गेला होता. चांदणी मान खाली घालून तीन टोले, मग आणखी तीन, मग आणखी तीन ऐकत राहिली आणि सगळं झाल्यावर सावकाश चालत दोरीपाशी आली.

गर्दी हसली. दौलतशेठ तर पोट धरून. “अरे, मी घोड्याशी पैज लावली, पाद्र्याशी नव्हे!”

क्लेमेंटिनानं लिओला औषध पाजलं. सहा वाजलेच होते. मग पोराला छातीशी आवळून ती टेबलाकडं गेली.

सिल्वेस्टर तिथं भांडत होता. “घड्याळ बघा ना! साडेसहा होऊन गेले. पहिली शर्यत दहा मिनिटांसाठी रद्द केलीत. ही अर्धा तास उशिरा झाली. रद्द करा.”

पंतांनी टेबलावरच्या घड्याळाकडं पाठ केली आणि कमरेचं घड्याळ साखळीनं ओढून वर काढलं.

“शर्यत सुरू झाली तेव्हा सहाला तीन मिनिटं कमी होती,” ते म्हणाले. “वेळेत. आत्ताच चर्चची घंटा झाली ती सगळ्यांनी ऐकली. तुझ्या घोडीनंही ऐकली. साक्षीदार तीच.”

“हे कुठलं घड्याळ?”

“मुंबईचं.”

“आणि मघाचं?”

“मघाचं मद्रासचं. कमिटी दोन्ही वेळांचा मान ठेवते.” पंतांनी घड्याळ परत कमरेला खोचलं. “घोडी दौलतशेठची. उद्या कचेरीत ये, कागद करू, सही कर आणि ताबा दे.”

 गर्दीतून कुणी म्हणालं, “अकरावा नियम!” आणि पुन्हा हशा झाला. क्लेमेंटिना हसणाऱ्यांकडं पाहत नव्हती. ती कारकुनाकडं पाहत होती. तो रजिस्टराला लाल कापड बांधत होता.

घरी जाताना लिओला घेऊन दोघंही चांदणीबरोबर चालत गेले. टांग्याला जुंपायला सिल्वेस्टरचे हात उचलेनात.

“मीच काढली टोपी,” तो म्हणाला. “तू माझं तोंड फोड.”

“फोडलं तर घोडी मिळते का?” क्लेमेंटिना म्हणाली. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, “त्या कारकुनानं वेळ टिपली ती कुठल्या घड्याळाची?”

“टेबलावरच्या. पण पंत बोलले ते तू ऐकलंस ना? त्यांच्या बोलण्यापुढं कारकुनाचं काय चालतंय?”

“बोलले ते ऐकलं,” ती म्हणाली. “लिवतात काय ते बघू.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत पंतांची लेखणी सुरेख चालली होती. दौलतशेठ खुर्चीवर, सिल्वेस्टर उभा, क्लेमेंटिना पोराला घेऊन दाराशी. खिडकीबाहेर चांदणी झाडाला बांधलेली, शेजारी काल तलावाकाठी राहिलेला टांगा, आणि तिच्या लगामापाशी दौलतशेठचा माणूस दबा धरून बसलेला.

“बाई, तू कशाला आलीस?” पंत न बघताच म्हणाले. “इथं बायकांचं काही काम नाही.”

“घोडी माझ्या बापानं दिलेली. तिचा निरोप घ्यायला आले.”

पंतांना हे बरं वाटलं. रडणाऱ्या बायका कचेरीला सवयीच्या होत्या. त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक बाकही होता. त्यांनी रजिस्टरात लिहून पुरं केलं, वाळू टाकली आणि रजिस्टर सिल्वेस्टरपुढं फिरवलं. “इथं अंगठा कर.”

“अंगठा नाय, सही करतो मी,” सिल्वेस्टर म्हणाला आणि हात पुढं केला.

“थांब,” क्लेमेंटिना म्हणाली. “वाचून बघते.”

“मोडी आहे ते,” पंत हसले.

“हो,” ती म्हणाली आणि लिओला सिल्वेस्टरच्या हातात देऊन टेबलावर वाकली. मिठागराच्या कारकुनाला मुलगा नव्हता. मापाची पानं वाचायला कुणीतरी हवं म्हणून त्यानं मुलीलाच मोडी शिकवली होती. तिनं बोट ठेवून सावकाश, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचलं.

“दुसरी शर्यत सायंकाळी सहा वाजता ठरविली असता, सरकारी वेळ सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी सुरू होऊन, अबलख घोडा प्रथम आला, सबब चांदणी नावाची घोडी, कपाळी पांढरा टिळा, दौलतशेठ यांचे ताब्यात द्यावी.”

 पंखा ओढणाऱ्या म्हाताऱ्या दगडूनं हात थांबवला, आणि पंखाही थांबला.

“पंतसाहेब,” क्लेमेंटिना म्हणाली, “मला कायद्याचं कळत नाय. सहाला ठरली आणि सहा सत्तावीसला सुटली, असं तुम्हीच लिवलंय. मग सातव्या नियमानं काय होतं?”

पंतांनी रजिस्टर आपल्याकडं ओढलं. वाचलं. परत वाचलं. त्यांच्या कपाळावर हळूहळू घाम आला, आणि तो मद्रासच्या हवेचा नव्हता.

“हे… हे काही नाही. लेखणी घसरली.”

“मग दुरुस्त करा ना,” दौलतशेठ म्हणाला. “सत्तावीस खोडा. सहाला तीन कमी लिहा. काल म्हणालात तेच.”

“खोडू?” पंत म्हणाले.  “शेठ, हे शिक्क्याचं रजिस्टर आहे. पानांना आकडे आहेत. महिनाअखेर साहेब तपासतो. शिक्क्याच्या पानावर खाडाखोड? आणि खोडून काय लिहू? मुंबईची वेळ? सरकारी कागदावर?”

“मग पान फाडा.”

पंतांनी असं पाहिलं की जणू दौलतशेठनं त्यांना स्वतःची करंगळी तोडायला सांगितलं होतं. “पान फाडू! सव्वीस वर्षांची नोकरी झाली माझी. पेन्शनीला दोन वर्षं उरलीत.”

“काल चारचौघांत त्याची घोडी काढून घेतलीत तेव्हा पेन्शन आठवली नाही?” दौलतशेठ म्हणाला.

“ते तोंडी होतं!” पंत ओरडले.

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. क्लेमेंटिनाला त्या क्षणी त्यांची थोडी कीवच आली. कुणाचं काही काढून घेताना त्यांचा हात कधी थरथरला नसेल, आणि आता साध्या एका आकड्यावर रेघ मारायची, तर लेखणी धरवत नव्हती.  दौलतशेठनं टेबलावरचा पानाचा डबा उचलून झब्ब्याच्या खिशात घातला. कालचा, तोच.

“सही करू का मी?” सिल्वेस्टरनं विचारलं. त्याला अजून पुरतं कळलं नव्हतं.

“नको!” पंत आणि क्लेमेंटिना एकदम म्हणाले.

मग पंतांनी त्याच पानावर, खाली उरलेल्या जागेत, एकही अक्षर न खोडता, जपून लिहिलं : सबब वरील शर्यत नियम सातप्रमाणे रद्द समजून ज्याची पैज त्याला परत. वरचं ‘ताब्यात द्यावी’ तसंच राहिलं, खाली ‘परत’ आलं. वाचणाऱ्यानं काय ते ठरवावं. वाळू टाकताना त्यांचा हात स्थिर झाला होता. वेळेचा उल्लेख पुन्हा कुठंही नव्हता.

बाहेर दौलतशेठचा माणूस तोवर सही झाली असं समजून चांदणीला झाडापासून सोडून घेऊन निघाला होता. कचेरीच्या आत साडेबारा झाले, म्हणजे बाहेर बारा, आणि तलावाकडून घंटा आली. चांदणी फाटकात थांबली. माणसानं ओढलं, ढकललं, शिव्या घातल्या, ती उभी. सिल्वेस्टर पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेला, टोपी काढली आणि या वेळी तिन्ही नमो मारिया पुऱ्या म्हटल्या. मग लगाम आपल्या हातात घेतला.

फाटकाबाहेर गंगुबाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. “मिलाली?”

“मिळाली,” क्लेमेंटिना म्हणाली.

“माझं जिकलेलं?”

 क्लेमेंटिनाला हे काल रात्रीपासून सुचत होतं : दोन्ही शर्यतींना एकच घड्याळ मागायचं. पण मुंबईचं मागितलं तर गंगुबाईचं जिंकलेलं मिळत होतं आणि चांदणी जात होती. म्हणून तिनं मागितलंच नव्हतं. पंतांची चूक तशीच वाचून दाखवली आणि गप्प राहिली.

“तुझं मी मागितलं नाय गंगुबाई,” ती म्हणाली. “मागितलं असतं तर घोडी गेली असती.”

गंगुबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग सिल्वेस्टरच्या खांद्यावर झोपलेल्या लिओकडं. बारीक शिटी वाजत होती.

“जाऊंदे गो,” ती म्हणाली. “पर मना बंदरापत्तुर सोर. फुकट.”

“फुकट,” सिल्वेस्टर म्हणाला. आणि त्याला राहवेना. “पुढल्या वर्षी तो अबलख घेऊन येऊंदे तर खरा. घंटेच्या आधी…”

क्लेमेंटिनानं फक्त पाहिलं. त्यानं घोडी जुंपायला घेतली.

बंदराला जायचा रस्ता तलावावरून होता. वडापाशी कमिटीचा रंगारी शिडीवर चढलेला होता आणि पाटीवर खाली उरलेल्या जागेत नवीन ओळ घालत होता. रंग अजून ओला होता. क्लेमेंटिनानं टांगा थांबवायला लावला, लिओच्या टोपड्याची गाठ जरा आवळली आणि वाचलं.

बारावा नियम : शर्यतीच्या वेळेबाबत कमिटीकडून लेखी काहीही देण्यात येणार नाही.

“काय लिवलंय?” गंगुबाईनं विचारलं.

“काय नाय,” क्लेमेंटिना म्हणाली. “चल रे, तीनला ह्याचं औषध आहे.”